आधी आई-बापाच्या हाती प्रयोग

शाळेत विज्ञान शिकायचे आणि घरी आल्यावर ते दप्तरात बंद करून ठेवायचे, अशी आपल्या बहुतेक घरांतील मुलांची रीत झाली आहे. यात मुलांचा दोष नाही. सातवीतला मुलगा विचारतो, "बाबा, टाकी उंचावरच का बांधतात?" बाप दिवसभर बांधकामावर राबून आलेला असतो. तो म्हणतो, "आमाले का समजते बाप्पा? तुह्या सरले इचार." प्रश्न तिथेच संपतो. मुलाच्या मनात मात्र दोन गोष्टी पक्क्या बसतात. एक, विज्ञान हे परीक्षेपुरते असते. दुसरी, आपल्या बापाला काही समजत नाही. यातील दुसरी गोष्ट अधिक वाईट, कारण ती साफ खोटी आहे.

बंधू-भगिनींनो, घरातील विज्ञानाचे निर्णय मूल घेत नाही, आई-बाप घेतात. लेकराला कावीळ झाली तर दवाखान्यात न्यायचे की उतरवायला न्यायचे, हे आई-बाप ठरवतात. बांधीत साप चावला तर पहिला अर्धा तास कुठे घालवायचा, हे घरातील मोठी माणसे ठरवतात. मुलगी दहावीत चांगल्या गुणांनी पास झाली तर तिला अकरावीला सायन्स घेऊ द्यायचे की "आपल्याले नाही झेपत" म्हणून थांबवायचे, हेही तेच ठरवतात. म्हणून विज्ञानाची गोडी फक्त मुलांना लावून भागणार नाही. ती आई-बापांना लागली पाहिजे. आणि ती भाषणाने लागत नाही. स्वतःच्या हाताने प्रयोग केला की लागते.

कुणी म्हणेल, तू बी.कॉम. झालेला कारकून. जमाखर्चाच्या माणसाने विज्ञानावर का लिहावे? त्याला माझे उत्तर असे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे 1907 साली सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला लागले. कलकत्त्याला दिवसा ते हिशेब तपासत आणि ऑफिसच्या आधी व नंतर एका विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन प्रयोग करीत. 1910 च्या सुमारास याच हिशेबाच्या नोकरीत ते काही काळ आपल्या नागपूरला होते. पुढे 1917 मध्ये नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले, 28 फेब्रुवारी 1928 रोजी त्यांचा प्रसिद्ध शोध लागला आणि 1930 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या 28 फेब्रुवारीलाच आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो आणि नागपूरचे रामन विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचे आहे. हिशेबाच्या टेबलावरचा माणूसही प्रयोग करू शकतो, एवढेच मला सांगायचे आहे. अर्थात रामन होणे आपल्या हाती नाही, पण पाहणे, मोजणे आणि विचारणे आपल्या हाती आहे.

मोठ्यांना प्रयोग दाखवण्याची एक चांगली वाट नागपुरातच पडली आहे. सुरेश अग्रवाल यांच्या पुढाकाराने महापालिका शाळांतील मुलांचा 'अपूर्व विज्ञान मेळावा' तिथे भरत आला आहे. त्यात महागडी उपकरणे नसतात. बाटल्या, फुगे, नळ्या, आरसे, चुंबक अशा साध्या वस्तूंचे शंभराच्या घरातील प्रयोग मांडलेले असतात. ते समजावून सांगतात मजुरांची, रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुले. ऐकणाऱ्यांत शिक्षक असतात, शिकलेले लोक असतात, आणि आपापल्या मुलांचे आई-बापही असतात. महापालिकेच्या शाळेतले पोर मोठ्या माणसाला विज्ञान समजावते, हे पाहून बापाची मान ताठ होते.

पण आंबागडच्या मजुराला एक दिवसाची मजुरी बुडवून नागपूर परवडत नाही. म्हणून प्रयोगच वस्तीत आणावेत. आमचे आंबागड तुमसर तालुक्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, आणि याच तालुक्यात मॅंगनीजच्या खाणी. इथल्या माणसाच्या हातात जेवढे विज्ञान आहे तेवढे पुस्तकात सापडणार नाही. रविवारी सकाळी विहारात जमावे, तासभर एकच प्रयोग करावा. नियम फक्त तीन. भाषण नाही. प्रयोग मोठ्या माणसाने करायचा, मुलांनी प्रश्न विचारायचे. आणि प्रयोगाआधी प्रत्येकाने हात वर करून आपला अंदाज सांगायचा.

गवंड्याची नळी

पहिला प्रयोग वस्तीतील गवंडी भाऊकडे सोपवावा. पायाची पातळी काढायला त्याच्याकडे वीस-पंचवीस फुटांची पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरून एक टोक विहाराच्या एका कोपऱ्यात आणि दुसरे समोरच्या कोपऱ्यात धरले की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबते. मधली नळी जमिनीवर लोळो की खाटेवरून जावो, फरक पडत नाही. आता एका टोकाला बूड कापलेली मोठी बाटली उलटी बसवावी आणि विचारावे, बाटलीत पाणी भरपूर आणि नळीत थोडे, मग पातळी कुठे जास्त राहील? निम्मे हात बाटलीच्या बाजूने वर होतात, निम्मे नळीच्या. पाणी मात्र दोन्हीकडे सारखेच उभे राहते. पाणी किती आहे याला महत्त्व नाही, किती उंच आहे याला आहे.

गवंडी भाऊ वर आणखी एक गोष्ट सांगेल. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर लेव्हल चुकते आणि भिंत वाकडी जाते. हे त्याला कोणत्याही सरांनी शिकवलेले नसते, कामाने शिकवलेले असते. आणि मुलाने विचारलेल्या टाकीचे उत्तरही इथेच मिळते. टाकी उंच असली तरच पाणी घराघरांत चढते. वरच्या टोकाच्या घराला नळाची धार बारीक का येते, याचा विचार मग बायाच सुरू करतात. त्या दिवशी पोराच्या नजरेत बाप बिनशिकला राहत नाही.

हळद, चुना आणि कावीळ

दुसरा प्रयोग मावश्यांचा. हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या शर्टाला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कागदावर हळदीचे पाणी लावून तो वाळवावा. त्यावर चुन्याची निवळी टाकली की लाल, साबणाचे पाणी टाकले की लाल, राखेचे पाणी टाकले तरी लालसर. त्याच जागी लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळद ही अशी वस्तू आहे की ती क्षार आणि आम्ल ओळखते. नववी-दहावीची मुले लिटमस कागदाची व्याख्या पाठ करतात. मावशीचा हळदीचा कागद तेच काम फुकटात करतो.

याच्याच शेजारी दुसरा प्रयोग मांडावा, आणि तो जपून, गंभीरपणे मांडावा. आंब्याच्या आतल्या सालीचा रस हाताला चोळायचा आणि ते हात चुन्याच्या निवळीत धुवायचे. पाणी पिवळे होते. कावीळ उतरवणारा नेमके हेच करतो आणि म्हणतो, बघा, कावीळ निघाली. म्हणून आपण हा प्रयोग धडधाकट माणसाच्या हातावर करायचा. ज्याला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही त्या तरुणाचे हात धुवायचे. पाणी तितकेच पिवळे होईल. मग प्रत्येक बाईने स्वतःचे हात धुऊन पाहावेत.

इथे उतरवायला जाणाऱ्याची टिंगल करायची नाही. लेकरू आजारी असताना आई जिथे आशा दिसेल तिथे धावते. तिला फक्त पुढचे सांगायचे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ पुष्कळदा विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणून उतरवणाऱ्याला श्रेय मिळते. पण गरोदर बाईला हीच कावीळ जिवावर बेतू शकते, आणि रक्तातून पसरणारी कावीळ तर लिव्हर खराब करते. कोणती कावीळ आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, चुन्याच्या पाण्याने मुळीच कळत नाही.

कावीळ पाण्यातून येते, मग पाण्याकडेही पाहावे. आमच्या किल्ल्याबद्दल जुनी माणसे सांगतात की भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवीत आणि आतल्या विहिरीचे साचलेले पाणी पाजून त्यांना मारीत. ते पाणी पाहायला कसे होते कोण जाणे, पण स्वच्छ दिसणारे पाणीही आजार देऊ शकते, हे प्रयोगाने कळते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरिन तपासायचे औषध असते. त्याला रविवारी बोलवावे. वेगवेगळ्या घरांच्या घागरींतील पाणी छोट्या नळ्यांत घेऊन त्यात थेंब टाकावे. ज्यात क्लोरिन शिल्लक आहे ते पिवळसर होते. ज्यात नाही ते तसेच राहते. तपासलेले पाणी प्यायचे नाही, ओतून द्यायचे आणि हात धुवायचे. एकाच विहिरीचे पाणी एका घरी पिवळे होते आणि दुसऱ्या घरी होत नाही, तेव्हा चर्चेला तोंड फुटते. घागर किती दिवसांची, झाकण आहे का, ब्लीचिंग पावडरची पिशवी उघडी राहून निकामी झाली का, हे प्रश्न मग कुणाला शिकवावे लागत नाहीत.

मिठाच्या पाण्यातले धान

तिसरा प्रयोग पऱ्हे टाकण्याआधीचा, म्हणजे मे अखेरचा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात घरचे बियाणे टाकून ढवळायचे. पोचट आणि हलके दाणे वर तरंगतात, भरलेले दाणे तळाला बसतात. तरंगणारे काढून टाकायचे, तळाचे दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. मीठ का, असे मुलांनी विचारले की एका ग्लासात साधे पाणी आणि दुसऱ्यात मूठभर मीठ घातलेले पाणी घेऊन दोन्हींत कोंबडीचे ताजे अंडे सोडावे. साध्या पाण्यात ते बुडते, दाट मिठाच्या पाण्यात तरंगते. मिठाने पाणी जड होते, म्हणून साध्या पाण्यात बुडून जाणारा अर्धपोकळ दाणाही त्यात वर येऊन उघडा पडतो.

यासोबत शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळून ठेवायचे आणि ओल टिकवायची. आठवड्याने उघडून किती उगवले ते मोजायचे. ऐंशीच्या वर उगवले तर बियाणे चांगले. साठच उगवले तर बियाणे बदलायचे की जास्त टाकायचे, हे रोवणीच्या आधीच कळते. शंभरापैकी ऐंशी म्हणजे ऐंशी टक्के. ज्या बाईला टक्केवारी कधी समजली नव्हती तिला ती गोणपाटावर बोटाने मोजता येते.

बियाण्याचा विषय निघाला की मी दादाजी खोब्रागडे यांचे नाव घेतल्याशिवाय राहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली पटेल-3 जातीच्या धानात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. शेकडो लोक रोज धान पाहतात. त्यांनी मात्र त्या लोंब्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी काही वर्षे गेली तेव्हा बारीक दाण्याचे, चवीला चांगले धान हाती आले. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून या धानाला एचएमटी हे नाव पडले. आज आपण दुकानात एचएमटी तांदूळ मागतो तो हाच. 2005 मध्ये राष्ट्रपती डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 3 जून 2018 रोजी ते गेले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. फरक दिसला तर तो टिपायचा, वेगळा ठेवायचा आणि वर्षानुवर्षे तपासायचा, ही चिकाटी होती. शास्त्रज्ञ यापेक्षा वेगळे काय करतो?

लिंबाचा दिवा

चौथा प्रयोग रात्रीचा. चार-पाच रसदार लिंबे घ्यावीत. प्रत्येकात एका बाजूला जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि दुसऱ्या बाजूला खरवडून उघडी केलेली तांब्याची जाड तार खोचावी. एकाचा खिळा दुसऱ्याच्या तारेला, असे ओळीने जोडून शेवटची दोन टोके रेडिओ-मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक लाल एलईडीला लावावीत. नाही पेटला तर टोके उलट करावीत. विहारातील लाईट बंद केली की लाल ठिपका मंद उजळतो. लिंबे मात्र नंतर फेकून द्यावीत, सरबत करू नये.

चौरस्त्यावर टाकलेले लिंबू ओलांडायला आपली माणसे अजून घाबरतात. तेच लिंबू स्वतःच्या हाताने दिवा पेटवते, हे आजीने एकदा पाहिले की रस्त्यावरच्या लिंबाचा धाक कमी होतो. हा धाक साधा नाही. करणी केल्याच्या संशयावरून माणसांना झोडपल्याच्या, मारल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि बळी बहुतेक गरीब घरातील, एकटी राहणारी बाई असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये झाला. कायदा पोलिसांच्या हाती आहे, धाक घालवणे आपल्या हाती आहे.

या प्रयोगाला खाणीत काम करणारा एखादा भाऊ जरूर असावा. टॉर्चच्या साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते आणि आतली काळी भुकटी मॅंगनीज डायऑक्साईडची. अशा सेलसाठी लागणारे मॅंगनीज आपल्याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघते. कपड्यावरची काळी धूळ घेऊन घरी येणाऱ्या बापाच्या श्रमावर देशातले टॉर्च पेटतात, हे त्याच्या पोराला कळले पाहिजे.

जमा आणि नावे

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. जो फक्त जमेची बाजू दाखवतो त्याची वही कोणताही ऑडिटर पास करणार नाही. सापाचे विष उतरवणाऱ्याची वही अशीच एकतर्फी असते. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. ही सगळी वाचणारी माणसे मांत्रिकाच्या जमेला पडतात. नाग, मण्यार किंवा घोणस चावून विष भिनलेली जी माणसे गेली ती "आणायले उशीर केला" म्हणून कुणाच्याच नावे पडत नाहीत.

विज्ञान म्हणजे दोन्ही बाजू लिहिलेली वही. काविळीच्या प्रयोगात निरोगी माणसाचे हात धुतले ते याचसाठी. म्हणून साप चावला की माणसाला धीर द्यावा, चावलेला भाग हलू देऊ नये, करकचून बांधू नये, चिरू नये, आणि मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठावा. विषावरची लस तिथे मोफत मिळते. मंत्र म्हणायचाच असेल तर तो गाडीत बसून म्हणावा, पण गाडी थांबवू नये.

तुमच्या वस्तीत सुरुवात करताना

खर्चाचे म्हणाल तर नळी गवंड्याची, हळद-चुना घरचा, मीठ-धान घरचे. विकत घ्यायचे ते खिळे, तार आणि एक छोटा दिवा. एक वही मात्र हवी. तीत तारीख, प्रयोग, किती लोकांचा अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात काय झाले, हे लिहावे. लिहिण्याचे काम दहावीच्या मुलीकडे द्यावे. फसलेला प्रयोगही लिहावा आणि पुढच्या रविवारी पुन्हा करावा.

वेळ कामकरी माणसांची सोय पाहून ठरवावी. विड्या वळणाऱ्या बायांनी सूप घेऊन यायला हरकत नाही. हात चालू ठेवून त्या पाहू शकतात, बोलू शकतात. त्यांनाही एक प्रयोग द्यावा. चिमटीने दहा वेळा तंबाखू उचलायला सांगावे आणि सोनाराच्या काट्यावर प्रत्येक चिमूट मोजावी. शाळेतील मुलांनीही तसेच करावे. कुणाच्या चिमटी जास्त सारख्या भरतात ते वहीत लिहावे, म्हणजे अचूक हात कशाला म्हणतात ते पोरांना दिसेल. शाळेतील सरांना बोलवावे, पण पाहुणे म्हणून नव्हे. त्यांनी खाली बसून पाहावे आणि शेवटी दहा मिनिटांत पुस्तकातला धडा याच प्रयोगाशी जोडून द्यावा.

विश्वास ठेवा असे न सांगता येऊन स्वतः पाहा असे सांगणारी आपली परंपरा आहे. येत्या रविवारी त्याची सुरुवात गवंड्याच्या नळीपासून करा. आणि दहावीचा निकाल लागून मुलगी सायन्सचा फॉर्म घेऊन समोर उभी राहिली, तर "आमाले का समजते" असे म्हणू नका. फॉर्म हातात घ्या, तिच्याजवळ बसा आणि विचारा, यात काय काय प्रयोग असतात, सांग बरे मला.

जयभीम.